‘रोमात’ असणे: हा कुठला रोम?

विचारणा अशी आहे: मराठी संकेतस्थळांवर पहिल्यांदा लिहिणारे ‘इतके दिवस रोमात होतो’ असं का म्हणतात? हा रोम ‘रोमारोमात’मधला, की इटलीतला?

दोन्ही नव्हे. हा रोम म्हणजे ‘रीड ओन्ली मोड’ची आद्याक्षरं. संगणकवाल्यांचा ‘रॉम’ वेगळा, त्यातला शेवटचा ‘एम’ मेमरीचा. मायबोली, मनोगत, मिसळपाव अशा मराठी संकेतस्थळांवर जो नुसता वाचतो आणि प्रतिसाद देत नाही, तो रोमात.

मला खरी गंमत वाटते ती विभक्तीची. परक्या नावाला आपण सहसा ‘मध्ये’ जोडतो: रोममध्ये, बर्लिनमध्ये. इथे मात्र घर-घरात तसं रोम-रोमात झालं. सामान्यरूप झालं की शब्द घरचा झाला समजा. ‘आता रोमातून बाहेर या की!’ हा आग्रहही त्यामुळेच सहज जमतो. इंग्रजीत अशा माणसाला ‘लर्कर’ म्हणतात, म्हणजे दबा धरून बसलेला; त्यात संशयाचा वास आहे. आपला रोम ही नुसती जागा, ओसरीसारखी. जपानी लोकांकडेही हाच ‘रोम’ आहे, पण त्यांचा ‘एम’ मेंबरचा, आणि त्यांनी त्याचं चक्क क्रियापद केलं: ‘रोमुरु’. नवख्याला ते बजावतात, सहा महिने रोम कर, मग बोल. आपल्याकडेही काहींना हे सांगावंसं वाटतं, ते असो.

आता हा शब्द लागलाच का? जन्मभर पेपर वाचणाऱ्या आजोबांना कुणी रोमात म्हटलं नाही, ते वाचक. वेगळं नाव मिळायचं ते संपादकांना पत्र धाडणाऱ्याला: ‘पत्रलेखक’. इंटरनेटवर हे उलटं झालं. लिहिणं गृहीत धरलं गेलं आणि गप्प बसणाऱ्याला नाव द्यावं लागलं. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचंच बघा. इंग्रजीत जिथे ‘युजर’ आहे, तिथे मराठीत ‘सदस्य’ आहे. वापरणारा वापरून निघून जातो, सदस्याकडून चार ओळींची अपेक्षा असते.

अपेक्षा, एवढंच. २००६ मध्ये संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी ठोकताळा मांडला होता: शंभरांतले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, बाकीचा बहुतेक मजकूर एकटा उरलेला लिहितो. म्हणजे बहुमत रोमाचंच. आणि मराठीत त्याचं कारण दर वेळी लाजाळूपणा नसे. यूनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, रुळण्याआधी दुसऱ्याच्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट नसला, तर आपल्या मजकुराच्या जागी त्याला अगम्य चिन्हं दिसत. नंतर यूनिकोड आलं, तरी ‘ज्ञ’ कसा टंकायचा हे कळेपर्यंत मीही रोमातच होतो.

विचारणेत एक उपप्रश्न आहे: नुसता लाईक करणारा रोमात की बाहेर? माझ्या मते उंबरठ्यावर. खूण उमटवली म्हणून तो अगदी गप्प म्हणता येत नाही, आणि अक्षर एकही लिहिलेलं नाही. मराठीत ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे मात्र चक्क नकार, तेव्हा त्या निळ्या अंगठ्यासाठी हा वाक्प्रचार बाद. ‘अंगठेबहाद्दर’ मात्र चपखल बसतो. सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्याचा हा जुना शब्द पडूनच होता.