वज्रेश्वरीला जायचंय, पण नुसतं डुबकी मारून परत यायचं नाहीये

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. डिसेंबरात वज्रेश्वरी-गणेशपुरीला एका दिवसात जाऊन यायचा विचार आहे. गाडी एका जागी लावून गावं पायी बघता येतील का? सोबत मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत, सासूबाईंना शुगर आहे आणि गुडघेही बोलतात. शेजारच्या काकू म्हणतात तिथल्या गरम झऱ्यांचं पाणी म्हणजे औषधच, हे कितपत खरं?

उत्तर : ताई, पायी बघायचंय म्हणालात ना, तिथेच मी खूश झालो, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक थेट कुंडापर्यंत गाडी नेतात, अर्धा तास पाण्यात बसतात, भजी खातात आणि परत, मग सांगतात की काय विशेष नाही. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तिन्ही गावं तानसा नदीच्या काठाने दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत, आरामात चाललात तरी दुपारपर्यंत होतं आणि सासूबाईंसाठी मधे रिक्षा करा की, त्यात कमीपणा कसला.

सुरुवात देवळापासून करा, तेही सकाळीच. पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घ्यायच्या मोहिमेत बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांचा तळ याच भागात होता, तेव्हा गावाचं नाव वडवली होतं, आणि किल्ला मिळाला तर देवीचं देऊळ बांधीन असा नवस त्यांनी केला असं सांगतात. १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडला गेला, म्हणूनच देऊळ बाहेरून किल्ल्यासारखं दिसतं, दगडी तट, दारावर नगारखाना. (आपल्या आनंदवल्लीच्या राघोबादादांचे हे सख्खे काका बरं का.) पायऱ्या ५२ आहेत. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलंय, लोक तिथे पाया पडायला थांबतात, सासूबाईंनाही दम खायला बरं निमित्त मिळेल.

मग अकलोली. इथे कुंडांना सूर्य, चंद्र, अग्नी अशी नावं आहेत आणि रामकुंडही आहे, तेव्हा नाशिककराने रामकुंड ऐकून सवयीने पाय घालू नये, आधी हात लावून बघावा!! शेजारशेजारच्या दोन कुंडांतसुद्धा पाणी कमीजास्त गरम असतं. काही झरे तर नदीच्या पात्रातच आहेत, पावसाळ्यात ते पुरात बुडतात, त्यामुळे डिसेंबर हा तुमचा प्लॅन एकदम बरोबर.

पाणी गरम का, तर देवीने मारलेल्या दैत्यांचं ते रक्त अशी गोष्ट तिथे ऐकायला मिळेल, मुलांना नक्की सांगा. पण खाली ज्वालामुखी वगैरे नाहीये. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. असेच झरे खाली कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत आहेत.

आता काकूंचं औषध. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, बरं वाटतं, हे खरं, पण ते घरच्या गरम पाण्यानेही होतं. त्वचारोग बरे होतात म्हणून उघडी जखम किंवा खरूज घेऊन सगळ्यांच्या कुंडात उतरणं मला तरी पटत नाही. आणि सासूबाईंचं जास्त महत्त्वाचं, शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, पाणी पोळतंय हे कळतच नाही आणि घरी आल्यावर फोड दिसतात. त्यामुळे आधी तुम्ही कोपर बुडवून बघा, मग त्यांना पाच-दहा मिनिटं बसू द्या, पाय नंतर नीट कोरडे करा, अनवाणी चालू देऊ नका आणि बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आमचा एक मित्र उपाशीपोटी पाऊण तास बसला होता, उठला तो चक्कर येऊन खालीच बसला, मग त्याला लिंबूसरबत पाजत आमची दुपार गेली. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका, मुलांनाही सांगा.

गणेशपुरी शेवटी ठेवा. भीमेश्वराचं देऊळ, त्याच्याजवळची कुंडं आणि १९६१ मध्ये समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींची समाधी. इथे आवाज आपोआप कमी होतो. मला तिन्हींत हेच गाव जास्त आवडतं.

प्रश्न : रस्ता कसारा घाटाने की जव्हारकडून?

उत्तर : जाताना हायवेने कसारा, भिवंडी, मग वाडा रोडने अंबाडी. येताना उजेड असेल तर वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, वळणं भरपूर आहेत, मुलांना गाडी लागत असेल तर मात्र नकोच. त्र्यंबकजवळ गाडी थांबवून मुलांना दाखवा, इथल्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला, सकाळी ज्या तानसेच्या काठाने चाललात ती पुढे याच वैतरणेला मिळते. रविवार, नवरात्र आणि चैत्र अमावस्येची यात्रा टाळा, पार्किंगलाच दोन किलोमीटर चालाल.