कादंबरीचे हस्तलिखित पूर्ण झाले हे कसे ओळखावे आणि ते संपादकाकडे कोणत्या स्वरूपात पाठवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : 1972 च्या दुष्काळावरची कादंबरी आपण अनेक वर्षे लिहीत आहात, दर वाचनात काहीतरी बदलावेसे वाटते, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांशी ओळख नाही, आणि हस्तलिखित कधी व कसे हातावेगळे करावे याचा निर्णय होत नाही. मी परभणीत राहते, स्वतः लेखन करते आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रकाशनसंस्थेकडे येणारी हस्तलिखिते वाचून त्यांवर अभिप्राय देण्याचे काम बरीच वर्षे करीत आहे. त्या अनुभवावर आधारलेले हे उत्तर आहे.

बदलावेसे वाटणे थांबले की हस्तलिखित पूर्ण होईल, अशी वाट आपण पाहत असाल तर ती वेळ येणार नाही. छापील पुस्तक हातात आल्यावरही लेखकाला त्यात बदल सुचतात. त्यामुळे बदल सुचतात की नाही याला फारसा अर्थ नाही. ते कोणत्या प्रकारचे आहेत हे पाहावे. शेवटच्या फेरीत आपण जे बदलले त्याने एखाद्या पात्राचे वागणे, एखाद्या घटनेचे कारण किंवा वाचकाला ती घटना कळण्याचा क्षण बदलला असेल, तर काम अजून चालू आहे. मात्र 'विहीर आटली' खोडून 'विहिरीने तळ गाठला' लिहिले आणि पुढच्या फेरीत पुन्हा 'विहीर आटली' केले, असे घडू लागले असेल, तर आपल्या एकट्याच्या नजरेने जेवढे दिसणे शक्य होते तेवढे दिसून झाले आहे. आता दुसऱ्या नजरेची गरज आहे आणि ती संपादकाची असावी.

ही कसोटी लावण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तपासून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत एक दोष इतक्या वेळा आढळतो की आता मी वाचनाची सुरुवातच तिथून करते. पहिली पन्नास-साठ पाने घासूनपुसून लख्ख केलेली असतात, मधला भाग बरा असतो आणि शेवटचा तिसरा हिस्सा एकदाच, घाईने लिहिल्यासारखा दिसतो. याचे कारण साधे आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून लिहिणारा माणूस सुट्टीत हस्तलिखित उघडतो, पहिल्या पानापासून सुधारीत जातो, आणि शंभराव्या पानाच्या आसपास सुट्टी संपते. पुढच्या सुट्टीत पुन्हा पहिले पान. असे होता होता आरंभावर दहा हात फिरतात आणि शेवटावर एकच. आपण शेवटची फेरी घ्याल ती कादंबरीच्या मध्यापासून सुरू करा आणि शेवटापर्यंत नेऊनच थांबा. शेवटच्या भागात कोणते पात्र न सांगता नाहीसे झाले, कोणती जमीन गहाण पडली आणि पुढे तिचे काय झाले ते लिहायचे राहून गेले, हे तेव्हाच लक्षात येते.

आरंभाविषयीही एक विनंती आहे. दुष्काळावरच्या कादंबरीत सुरुवातीला आभाळ, भेगाळलेली जमीन आणि गावाचे वर्णन येणे स्वाभाविक आहे. परंतु ते तीस पाने चालले आणि माणसे एकतिसाव्या पानावर बोलू लागली, तर संपादकाला कादंबरी तिथेच सुरू झाल्यासारखी वाटते. ती तीस पाने बाजूला काढून एखाद्या वाचकाला पुढचा भाग द्यावा. त्याला काही अडले नाही, तर त्यांतले आवश्यक तेवढे पुढे विखरून टाकता येते. हा वाचक शक्यतो दुष्काळ न पाहिलेला, आपल्या गावाबाहेरचा असावा. 'कसे वाटले' असे त्याला विचारू नये, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर 'छान आहे' असेच येते. 'वाचताना कुठे थांबलात आणि कुठे मागची पाने चाळावी लागली' एवढेच विचारावे.

आता भाषेविषयी सविस्तर लिहिते, कारण मराठवाड्यातल्या हस्तलिखितांचा खरा प्रश्न इथे आहे. बोलीत लिहावे की नाही हा वाद राहिलेला नाही, रा. रं. बोराडे, भास्कर चंदनशिव, आसाराम लोमटे या मराठवाड्यातल्या ग्रामीण लेखकांच्या लेखनानंतर तो कुणी गंभीरपणे घालत नाही. संपादकाला अडचण होते ती बोलीची नव्हे, तर निर्णय न घेता लिहिलेल्या बोलीची. एकच म्हातारी दहाव्या पानावर 'माज्या लेकराला' म्हणते आणि साठाव्या पानावर 'मह्या लेकराला'. एके ठिकाणी 'पानी', दुसऱ्या ठिकाणी 'पाणी'. एकदा 'कामून', एकदा 'का बरं'. हे फरक मुद्दाम केले आहेत की नकळत झाले आहेत, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ते मुद्दाम असू शकतात : तहसीलदारासमोर उभा असलेला शेतकरी घरच्यापेक्षा वेगळा बोलतो, आणि तो फरक पकडणे ही लेखकाची ताकद आहे. पण मग तो फरक प्रत्येक वेळी तहसीलदारासमोरच दिसला पाहिजे.

यासाठी आपण एक शब्दसूची तयार करावी असे मी आग्रहाने सांगेन. डाव्या बाजूला पात्राचे नाव, त्यासमोर त्याची ठरलेली रूपे. निवेदन प्रमाण मराठीत आहे की तेही बोलीत आहे, याचा निर्णय सूचीच्या पहिल्या ओळीत लिहावा. मराठी साहित्य महामंडळाचे जे शासनमान्य लेखनविषयक नियम आपण पाळतो, 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये वाढवलेले चार, ते निवेदनासाठी पुरेसे आहेत. पात्रांच्या तोंडी 'केलं', 'म्हटलं' यांसारखी उच्चारानुसारी रूपे घालण्याची मुभा त्या नियमांतही आहे. सूचीचा दुसरा उपयोग संपादकासाठी आहे. आपल्याकडची जुनी माणसे तलाठ्याला पटवारी म्हणत राहिली आणि मंडळ अधिकाऱ्याला गिरदावर, कारण हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची भाषा त्यांच्या तोंडी बसलेली होती. हे ठाऊक नसलेला संपादक त्या शब्दांवर प्रश्नचिन्ह लावील, आणि त्याने लावलेच पाहिजे. सूचीत 'पटवारी : वृद्ध पात्रांच्या तोंडी कायम, निवेदनात तलाठी' अशी एक ओळ असली की तो प्रश्न मिटतो. कादंबरीच्या शेवटी बोलीतील शब्दांचा मोठा कोश जोडण्याची मला स्वतःला गरज वाटत नाही. वाक्यात शब्द नीट बसलेला असेल तर वाचक अर्थ लावून घेतो.

काळाच्या खुणा तपासणे हे तितकेच महत्त्वाचे काम आहे आणि ते लेखकानेच करायचे असते, कारण दूरच्या संपादकाला प्रत्येक चूक दिसेलच असे नाही. आपली कादंबरी 1972 मध्ये घडते. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा 1981 साली झाला, लातूर 1982 साली. हिंगोली तर 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे 'हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी' असे एखाद्या पात्राने म्हटले की जाणता वाचक पुस्तक मिटतो. परभणीहून कामासाठी मुंबईला निघालेल्या माणसाला मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण इकडचा मार्ग मीटरगेज होता. जायकवाडीचे काम तेव्हा चालू होते, लोकार्पण 1976 चे. त्यामुळे आपल्या मजुराला धरणाच्या कामावर पाठवता येईल, कालव्याच्या पाण्यावर ऊस लावता येणार नाही. खडी फोडणे, पाझर तलाव, कामावर मिळणारा सुकडी हा कोरडा खाऊ, रेशनवरची मिलो नावाची लाल ज्वारी ही त्या काळाची खरी सामग्री आहे, पण रोजगार हमीचा कायदा 1979 पासून अमलात आला, म्हणून 'कायद्याने हक्काचे काम' ही भाषा 1972 च्या मजुराच्या तोंडी बसत नाही. शिकणारा मुलगा असेल तर तो 'मराठवाडा विद्यापीठ' एवढेच म्हणेल. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडणारा नामविस्तार 1994 चा आहे. त्या दिवसांत कामावर गेलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. दुष्काळी कामाची प्रकरणे त्यांना वाचून दाखवा. कागदपत्रांत न सापडणारा तपशील ती सहज दुरुस्त करतात.

मजकूर असा ठरला की मग त्याचे रूप. तालुक्याच्या ठिकाणी टंकलेखन करून घेताना पहिली अट युनिकोडची, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीची, घाला. अनेक डीटीपी केंद्रांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम होते, आणि ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की केवळ निरर्थक अक्षरे दिसतात. आधीच तसे काम झाले असेल तर ते युनिकोडमध्ये बदलून घेता येते, परंतु बदललेली प्रत ओळ न ओळ वाचावी लागते. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ्य आणि ऱ्ह हमखास मोडतो व 'शेतकर्यांना' असे काहीतरी उरते. रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते. बोलीतल्या कादंबरीत ही मोडतोड अधिक घातक असते, कारण चूक कोणती आणि बोली कोणती हे नवख्या वाचकाला ओळखता येत नाही.

ए-फोर कागदाची एकच बाजू, अक्षर चौदा पॉइंटचे, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे रुंद समास, प्रत्येक पानावर क्रमांक. संपादक पेन्सिलीने त्या समासातच लिहितो. ईमेलने पाठवताना वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही जोडावीत. एकूण शब्दसंख्या अवश्य कळवावी, कारण प्रकाशक तिच्यावरून खर्चाचा अंदाज बांधतो : डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पृष्ठावर साधारण 250 ते 280 शब्द बसतात, आणि 16 पृष्ठांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पृष्ठांचा गट, धरला तर साठ हजार शब्दांची कादंबरी 224 पृष्ठांच्या, म्हणजे 14 फर्म्यांच्या आसपास जाते. मुखपृष्ठाचे चित्र, मान्यवरांची प्रस्तावना, अर्पणपत्रिका यांपैकी काहीही या टप्प्यावर जोडू नये. आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचीही चिंता नको. तो प्रकाशक घेतो.

सोबतचे पत्र एका पानाचे असावे. कादंबरी कोणत्या काळात आणि कोणत्या भागात घडते, कुणाची गोष्ट सांगते, किती शब्दांची आहे, तिचा एखादा भाग पूर्वी कुठे छापून आला आहे का, आणि आपला परिचय तीन-चार ओळींत. वेगळ्या कागदावर दीड-दोन पानांत कथानकाचा गोषवारा द्यावा आणि त्यात शेवट लपवू नये. संपादक हा उत्सुकता ताणून धरण्याचा वाचक नव्हे, त्याला रचना पाहायची असते.

ओळख नसणे ही आपल्याला वाटते तेवढी अडचण नाही. आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन गेल्या काही वर्षांतल्या, आपल्या कादंबरीच्या जातकुळीच्या दहाबारा कादंबऱ्या पाहा आणि त्या कुणी काढल्या याची नोंद करा. मग त्यांतल्या एका वेळी एकाच प्रकाशकाकडे, आधी पत्राने विचारणा करून, हस्तलिखित पाठवा. उत्तराला काही महिने लागतात, हे गृहीत धरावे. दरम्यान एखादे स्वयंपूर्ण प्रकरण दिवाळी अंकाकडे किंवा मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान' या नियतकालिकाकडे पाठवता येते. हे आपले पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चालू वर्षाची जाहिरात आणि तिच्या अटी अवश्य वाचा. वाचण्यापूर्वीच छपाईच्या खर्चाचा आकडा सांगणाऱ्या व्यक्तीकडे मात्र हस्तलिखित देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे संपादन होणार नसते.

स्वीकृती आली तर करार लेखीच करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. अनुवाद, ई-बुक, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क एका ओळीत 'सर्व हक्क' म्हणून देऊन टाकू नयेत, प्रत्येकाचा उल्लेख वेगळा असावा.

त्यानंतर संपादकाच्या सूचना येतील. त्यांना त्याच दिवशी उत्तर देऊ नका. सूचनेत सांगितलेला उपाय पटला नाही तरी, त्या जागी वाचक अडखळला आहे एवढे खरे मानून आपला स्वतःचा उपाय शोधावा. पुढे मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वीची प्रूफे, तपासायला येतील तेव्हा ती शब्दसूची मुद्रितशोधकाकडेही पोहोचेल असे पाहा आणि पहिले मुद्रित स्वतः मोठ्याने वाचा. सवयीने 'पानी'चे 'पाणी' करणारा हात तिथेही असतो, आणि पाने छापखान्यात गेल्यावर ते पुन्हा बदलता येत नाही.