हट्ट कुणाचा, भाऊ?

(पारोळा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. मुलीचे नीटचे दोन प्रयत्न झाले, तिसऱ्यासाठी लातूरला पाठवायचं घाटतंय. मुलगी म्हणते, लांबच्या दीर्घिकांमधल्या, म्हणजे गॅलेक्सींमधल्या, ताऱ्यांचा अभ्यास करायचाय. बारावीला गणितात ९१, जीवशास्त्रात ६२. ‘तिला समजवा.’)

भाऊ, तुमच्या पत्रात क्लासची फी आहे, कपाशीचा भाव आहे, भावकीत पोरीला आतापासूनच ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात हेही आहे. पोरगी काय म्हणते त्याला एकच ओळ, आणि तिच्यापुढे ‘खूळ’ असा शेरा. शेवटी तर ‘मोबाइल काढून घेतलाय, हल्ली जेवायलाही बाहेर येत नाही’ असं सहज लिहून गेलात. मला काळजी गुणांची नाही, या वाक्याची वाटते. मोबाइल आजच परत द्या. तिच्याजवळ बसा, नीटचं नाव न काढता बोला. फारच खचलेली वाटली तर डॉक्टरांना दाखवायला अनमान करू नका.

हे गुण बघूनही तिसऱ्यांदा नीट? हा हट्ट तिचा नाही.

‘रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून पोट भरतं का?’ असं विचारता. अहो, आता हे काम तसं कुणी करतच नाही. इतक्या लांबच्या दीर्घिकेतले तारे सुटे दिसत नाहीत, अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश एकवटून येतो. त्याचा वर्णपट घ्यायचा, म्हणजे कुठल्या रंगाचा प्रकाश किती ते मोजायचं, आणि वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या घडणीचे तारे संगणकावर मिसळून तसाच वर्णपट जमतो का ते पाहायचं. सूर्याच्या दहापट वजनाचा निळसर तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो, सूर्यासारखा हजारेक कोटी वर्षं टिकतो. म्हणजे निळा प्रकाश भरपूर असेल तर तिथे तारे नुकतेच जन्मलेत. लाल असेल तर पंचाईत: तारे म्हातारे असतील, त्यांच्यात जड मूलद्रव्यं जास्त असतील, नाहीतर मध्ये धूळ असेल. खगोलशास्त्रज्ञ बिअट्रिस टिन्स्ली यांनी १९६७ साली पीएचडीतच अशा मॉडेलांचा पाया घातला. यात गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग लागतं. तुमच्या पोरीचे ९१ इथे कामाचे.

वाट नेहमीचीच: अमळनेर किंवा जळगावला फिजिक्समध्ये बीएस्सी, मग जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा, एमएस्सी, पुढे पुण्याच्या आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था. पीएचडी करताना जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिना ३७ हजार. कायमच्या जागा मात्र मोजक्या, हे तिलाही स्पष्ट सांगा. नाहीच जमलं तरी आकडेमोड आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला काम मिळतं.

लातूरची फी भरू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचायचं नाही. पायथन येतं का, हे मला तिच्याकडूनच ऐकायचंय. येत नसेल तर कॉलेज सुरू होईपर्यंत शिकायला लागू दे.