वस्तीत बाग नाही, भिंतींवर मात्र झाडं रंगवतायत. अशा सार्वजनिक कलेचा काही उपयोग होतो का?

तुम्ही भिंतींबद्दल विचारलंय, आणि भिंतीपुरतं माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण 2016 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात मी एक कलाकृती पाहिली. तिच्यामुळे पुढे लोकांच्या पदरात खरीखुरी जमीन पडली, म्हणून लिहितेय.

तेव्हा मी जर्सी सिटीत राहत होते. सहा नंबरच्या मेट्रोने व्हिटलॉक अव्हेन्यूला उतरलं की नदीकाठी काँक्रीट प्लँट पार्क लागतं. तिथे 1987 पर्यंत खरोखरच काँक्रीटचा कारखाना होता, त्याच्या उंच टाक्या अजून उभ्या आहेत. आजूबाजूच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2009 मध्ये तिथे बाग झाली. जवळच हंट्स पॉइंटचा प्रचंड घाऊक बाजार आहे. शहराची भाजी-फळं तिथून जातात, ट्रकांचा धूर मात्र दक्षिण ब्रॉन्क्सच्या वाट्याला. पोरांमध्ये दमा फार, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात धड ताजी पालेभाजी मिळत नाही.

त्या काठाला एक बार्ज बांधला होता. गोव्यात मांडवीतून खनिज नेणारे दिसतात ना, तसाच सपाट, लोखंडी. मेरी मॅटिंगली या कलावतीने त्यावर माती टाकून फळझाडं, भाज्या, औषधी झाडं लावली होती. नाव ‘स्वेल’. कुणीही यावं, हवं ते तोडून फुकट न्यावं.

पाण्यावर का, तर न्यूयॉर्कच्या सार्वजनिक बागांमधून काहीही तोडायला मनाई आहे. शहराकडे सुमारे 30,000 एकर उद्यानं, पण त्यातलं बोरसुद्धा तोडून खायची सोय नाही. तरंगत्या बार्जला मात्र उद्यानांचा तो नियम लागू नव्हता.

मी गेले तेव्हा एक आजी नातवाला घेऊन आली होती. पोरगा पुदिन्याच्या वाफ्यापाशी हात पाठीमागे बांधून उभा. आजीने दोनदा सांगितलं, तरी तो तिथल्या स्वयंसेविकेच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने मान हलवल्यावर त्याने एक पान खुडलं, बोटांत चुरगळलं, वास घेतला, आणि मग मूठभर तोडला. ते पाठीमागे बांधलेले हात मला अजून आठवतात. मीही ‘फुले तोडू नयेत’च्या पाट्या वाचत आणि रखवालदाराची शिट्टी ऐकत वाढलेय. झाड आपलं नाही हे किती लहानपणी अंगवळणी पडतं!

2017 मध्ये त्याच पार्कमध्ये, जमिनीवर, उद्यान विभागाच्या संमतीने ‘फूडवे’ ही खाण्याजोग्या झाडांची बाग सुरू झाली. तिथे सार्वजनिक बागेतलं लोकांना तोडून नेता येतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मॅटिंगलीने एका नेमक्या नियमाला हात घातला आणि जिथे लोक आधीपासून झगडत होते तिथेच बार्ज नेला.

सॅन फ्रान्सिस्कोतही 2005 मध्ये ‘रीबार’ या गटाने असंच केलं. रस्त्यावरच्या पार्किंग मीटरमध्ये पैसे टाकले आणि गाडीच्या जागी दोन तासांसाठी हिरवळ, बाक आणि एक झाड मांडलं. पुढे शहरानेच अशा जागांना रीतसर परवानगी द्यायला सुरुवात केली.

उलटही होतं, तेही सांगायला हवं. न्यूयॉर्कचीच हाय लाइन ही उंचावरची बाग 2009 मध्ये उघडली, कलाकृतींनी सजली, आणि भोवतालच्या जागांचे भाव कडाडले. शेजारच्या सरकारी घरांमधल्या लोकांना ती आपली वाटली नाही. त्यांना काय हवंय हे आधी विचारायला हवं होतं, असं तिच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट हॅमंड यांनी नंतर जाहीरपणे कबूल केलं.

म्हणून तुमच्या चित्रकारांना एक सुचवा. विकास आराखड्यात तुमच्या वस्तीजवळ उद्यानासाठी आरक्षित भूखंड आहे का, ते पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पाहा. कित्येक ठिकाणी आरक्षण असतं, प्रत्यक्षात तिथे कुलूप किंवा राडारोडा. तसा भूखंड सापडला तर भिंतीवर फुलांऐवजी त्याचा नकाशा काढा, ठळक अक्षरांत भूखंड क्रमांक टाका, आणि त्या भिंतीपासून तिथवर चालत किती मिनिटं लागतात तेही लिहा.