सील पुन्हा पुन्हा गळतं तेव्हा आधी पंप तपासा

चौथं सील (शाफ्टभोवतून पाणी बाहेर येऊ न देणारा भाग) इतक्यात बसवू नका. तुम्ही दिलेली माहिती अशी: १५ किलोवॅट, २९०० आरपीएमचा एंड-सक्शन पंप, ७० अंशांचं गरम पाणी, कार्बन-सिरॅमिक सील तीनदा बदललं, प्रत्येक वेळी महिना-दीड महिन्यात गळती, आणि आता कपलिंगकडच्या (मोटरला जोडणाऱ्या बाजूच्या) बेअरिंगचाही आवाज. सील आणि बेअरिंग दोन्ही जात असतील तर दोष बहुधा सीलमध्ये नसतो. शाफ्ट जागेवर सरळ फिरत नाही आणि त्याचा पहिला फटका सीलला बसतो. सीलचे फेस (एकमेकांवर फिरणारे, कार्बनचे आणि सिरॅमिकचे दोन पृष्ठभाग) साधारण एका मायक्रॉनच्या आत सपाट घासलेले असतात. तिथे शाफ्टचं पाच शतांश मिलिमीटर डोलणंही फार होतं.

काढलेलं सील टाकून दिलं नसेल तर आधी ते वाचा. न पुसता, उजेडात. कडक (सिरॅमिकच्या) फेसवर उमटलेला पट्टा कार्बनच्या नाकापेक्षा, म्हणजे त्याच्या टेकणाऱ्या कडेपेक्षा, रुंद असेल तर शाफ्ट डोलतोय: बेअरिंग, वाकलेला शाफ्ट, अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसणं) किंवा कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं). पट्टा फक्त अर्ध्या वर्तुळात गडद असेल तर स्थिर फेस शाफ्टला काटकोनात बसलेला नाही, म्हणजे बहुतेक ग्लँडचे (सील दाबून धरणाऱ्या झाकणाचे) नट एका बाजूने आवळले गेले. सिरॅमिकवर मध्यातून बाहेर जाणाऱ्या बारीक भेगा म्हणजे कोरडं फिरणं किंवा तापलेल्या फेसवर अचानक गार पाणी येणं. कार्बनची बाहेरची कड तुटलेली असेल तर फेसमधल्या पाण्याची वाफ होऊन फेस उघडत-आपटत होते. आणि फेस दोन्ही छान, पट्टा एकसारखा, तरी गळत होतं? मग पाणी फेसमधून येतच नव्हतं. ओ-रिंग, रबरी बेलो (सीलची घडीदार रबरी नळी) किंवा स्लीव्हखालची (शाफ्टवर चढवलेल्या नळीखालची) गॅस्केट बघा.

आता मोजमाप. वीज तोडून कुलूप लावा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाणी निवू द्या, दाब शून्य झाल्याची खात्री करा. कपलिंगचे बोल्ट काढण्यापूर्वी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावून आहे त्या स्थितीतली अलाइनमेंट लिहून घ्या. हा आकडा नंतर कधीच मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमका हाच घ्यायचा राहतो.

मग पाइपची ओढ. कपलिंग मोकळं ठेवून पंपाच्या शाफ्टवर एक गेज उभा, एक आडवा लावा आणि सक्शन फ्लँजचे बोल्ट हळूहळू सैल करा, त्यानंतर डिस्चार्जचे. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपाला ओढतोय. फ्लँज समोरासमोर समांतर असावेत आणि बोल्ट हाताने आत सरकावेत. पहार घालून फ्लँज जुळवावा लागत असेल तर पाइप कापून पुन्हा जोडा, आधार पाइपला द्या. पंप हा पाइपचा खांब नाही. पंपाचे पाय तपासतानाही तीच रीत: सगळे बोल्ट आवळून, एकेक सैल करत गेज बघायचा. ०.०५ मिमीहून जास्त उचललेल्या पायाखाली शिम द्या, पण तीन-चारपेक्षा जास्त पत्र्यांची चळत करू नका.

पंप उघडल्यावर सीलच्या जागी शाफ्टचा रनआउट (फिरताना किती डोलतो ते) घ्या, ०.०५ मिमीच्या आत हवा. इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या) टोकाला शाफ्ट वर-खाली उचलून पाहा, तिथेही साधारण तेवढंच. सील बॉक्सच्या (सील बसतं त्या पोकळीच्या) तोंडावर, शाफ्टला बांधलेला गेज फिरवून काटकोन तपासा, पुन्हा ०.०५. स्लीव्हवर रबर बसतं तिथे नखाला लागणारी खाच असेल तर स्लीव्ह बदला. ती घासून चालवली की नवं सील तिथूनच गळतं.

बेअरिंग कापून आतली धाव (गोळ्या फिरतात ती खोबण) नक्की बघा. स्थिर रिंगवर गोळ्यांचा माग एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तिरका जात असेल तर ती अलाइनमेंटची खूण आहे. गोळ्यांच्या अंतराने समान खड्डे असतील तर बसवताना हातोडी पडली आहे. नवं बेअरिंग इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत गरम करून बसवा, १२० ओलांडू नका. प्रेसवर बसवायचं तर जोर फक्त आतल्या रिंगवर. तेलाची पातळी सर्वांत खालच्या गोळीच्या मध्यापर्यंत. ग्रीस असेल तर मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते अर्धी. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं.

तुमच्या पाण्याला कार्बन-सिरॅमिक ही जोडीच मला पटत नाही. सिरॅमिक तापमानाचा धक्का सहन करत नाही. कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइड घ्या, रबर ईपीडीएम. व्हिटॉन महाग म्हणून चांगलं असं नाही, गरम पाण्यात आणि वाफेत त्याची साधारण जात टिकत नाही. मात्र ईपीडीएमला खनिज तेल किंवा साधं ग्रीस लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस चालेल. की-वेच्या (शाफ्टमधल्या खाचेच्या) धारेवर टेप गुंडाळा, फेसला बोट लावू नका. रबरी बेलो शाफ्टवर थोड्याच वेळात पकड घेतो, म्हणून सील सरकवल्यावर चहाची सुट्टी नको. सील ड्रॉइंगमधल्या मापावरच बसवा आणि तशी खूण आधी शाफ्टवर करून ठेवा. स्प्रिंग जास्त दाबली तर फेस जळतात, कमी दाबली तर उघडतात. ग्लँडचे नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे-थोडे.

अलाइनमेंट २९०० आरपीएमला ०.०५ मिमीच्या आत ठेवा, आणि ती गार पंपावर करताना तापण्याचा हिशेब धरा. शाफ्टची उंची पायापासून २०० मिमी असेल आणि पंपाचं अंग ४० अंशांनी तापणार असेल तर शाफ्ट साधारण ०.०९ मिमी वर येतो. मोटरही तापते, म्हणून दोघांमधला फरकच काढा. दोन तास चालवून, थांबवून, गरम असतानाच पुन्हा तपासा.

यानंतरही सील गेलं तर सक्शन बघायचं. ७० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब साधारण ३१ किलोपास्कल, म्हणजे सुमारे सव्वातीन मीटर पाण्याचा स्तंभ. समुद्रसपाटीवर वातावरणाचे साडेदहा मीटर मिळतात, त्यातून हे वजा होतात. ८५ अंशांना सहा मीटर वजा होतात. उरलेल्यात टाकीतली पातळी पंपापेक्षा जितकी वर आहे तेवढी मिळवा, पाइपचं आणि गाळणीचं घर्षण वजा करा; हा आकडा पंपाच्या वक्रावरच्या (कंपनीच्या आलेखावरच्या) एनपीएसएचपेक्षा, म्हणजे पंपाला सक्शनला लागणाऱ्या किमान दाबापेक्षा, किमान एक मीटर जास्त हवा. वक्रावरचा आकडा हेड ३ टक्के पडलेलं असतानाचा असतो, म्हणजे तिथे कॅव्हिटेशन आधीच सुरू झालेलं असतं. गाळणी चोंदली की हे सगळं गणित ढासळतं, त्यामुळे सक्शनला दाबमापक नसेल तर आजच बसवा. सक्शनच्या आडव्या पाइपचा रिड्यूसर एका बाजूने सपाट असलेला आणि सपाट बाजू वर असावी, नाहीतर हवेचा फुगा अडकतो.

डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप किती वेळ चालतो तेही ऑपरेटरला विचारा. केसिंगमध्ये १० लिटर पाणी असेल आणि ८ किलोवॅट त्यात जात असतील तर पाणी मिनिटाला सुमारे ११ अंशांनी तापतं. ७० वरून १०० ला पोहोचायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. शिवाय कमी प्रवाहात इंपेलरवर बाजूचा जोर वाढून शाफ्ट सीलच्या जागीच वाकतो. सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या प्रवाहाच्या ७० ते १२० टक्क्यांत पंप ठेवा. तेवढं पाणी लागतच नसेल तर बायपास द्या किंवा इंपेलर कातून घ्या.

सुरू करताना केसिंग आणि सील बॉक्स दोन्हीतली हवा काढा. दिशा कपलिंग मोकळं असतानाच तपासलेली असावी, कारण आटे असलेला इंपेलर उलट फिरला की सुटून केसिंगला घासतो. पहिल्या अर्ध्या तासात दोन-चार थेंब पडून थांबले तर ठीक. धार लागली तर ग्लँड आवळत बसू नका, पंप थांबवून उघडा आणि पट्टा पुन्हा वाचा.