पारावर भरवा कार्यशाळा

प्रश्न : मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. झोरा नील हर्स्टन या काळ्या अमेरिकन लेखिकेवर तिकडे शिक्षकांच्या उन्हाळी कार्यशाळा होत, असं वाचलं. आम्हा दहा-बारा जणांना मे महिन्यात दोन दिवस तसंच काही करायचंय. प्रोजेक्टर मिळतोय. सुरुवात कशी करावी? प्रमाणपत्र द्यावं का? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, प्रोजेक्टर राहू द्या. मे महिन्यातल्या दुपारच्या विजेवर भरवसा ठेवून कुणी कार्यक्रम आखतं का!

त्या कार्यशाळांची खरी गंमत जागेत होती. झोरा जिथे वाढली ते फ्लोरिडातलं ईटनव्हिल हे १८८७ साली काळ्या लोकांनी स्वतःची नगरपालिका करून चालवलेलं गाव. झोराचे वडील तिथे सुतारकाम करत, प्रवचनं देत, पुढे महापौरही झाले. गावातल्या जो क्लार्क नावाच्या माणसाच्या दुकानाच्या ओसरीवर गावकरी एकापेक्षा एक थापा रचायचे. सामान आणायला धाडलेली छोटी झोरा तिथेच रेंगाळायची.

हीच झोरा न्यूयॉर्कला फ्रान्झ बोआस यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकली आणि १९२७ मध्ये लोककथा गोळा करायला फ्लोरिडात परतली. कॉलेजातल्या घोटीव इंग्रजीत विचारायची, ‘माफ करा, आपल्याला काही लोककथा येतात का?’ लोक मान हलवायचे. इथं नाही बुवा, पलीकडे विचारा. मग ती त्यांच्यातली होऊन बसली, तेव्हा १९३५ चं ‘म्यूल्स अँड मेन’ हे लोककथांचं पुस्तक उभं राहिलं.

आपलंही तेच. हातात रजिस्टर घेऊन ‘आजी, आपणांस ओव्या येतात का?’ म्हणालात, की उत्तर ठरलेलं : ‘न्हाई बाई, वरच्या आळीला इचारा.’ त्यापेक्षा ‘काय करायलाव माय?’ म्हणत शेजारी बसा, शेंगा फोडू लागा. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत; त्या आधी सगळ्यांना ऐकवा.

म्हणून पहिल्या सकाळी पारावर बसून झोराची एखादी गोष्ट मोठ्यानं वाचा, तीही आपल्या बोलीत करून. संध्याकाळी जोडीजोडीनं गावात जा. दुसरा दिवस आणलेलं ऐकण्यात जाईल.

चरित्र अर्ध्या तासात आटपा. जन्म १८९१, पण १९१७ मध्ये बाल्टिमोरला फुकट शाळा मिळावी म्हणून तिनं वय दहा वर्षांनी कमी सांगितलं. निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लावणाऱ्या आपल्या मास्तर मंडळींना हे लगेच पटेल. १९६० मध्ये गेली ती गरिबीत. कबरीवर दगड नव्हता, तो १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी बसवला. पार्श्वभूमीला लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांचं काळ्या अमेरिकन साहित्यावरचं मराठी लेखन पाहा.

प्रमाणपत्र जरूर द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्मे जण लग्नाला जातील. अट मात्र एक ठेवा : प्रत्येकानं निदान एक ओवी किंवा गोष्ट जमा करायची, सांगणारीला विचारून, तिच्या नावासकट. आणि डबे घरून न्या. आजीला स्वयंपाकाला लावू नका.