‘फॉल्स ॲन्युरिझम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: वडिलांची अँजिओग्राफी जांघेतून झाली. काही दिवसांत तिथे गाठ आली आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘सूडोॲन्युरिझम’ लिहून आलं. डॉक्टर बोलताना ‘फॉल्स ॲन्युरिझम’ म्हणाले. घरात कुणीतरी त्याचं ‘खोटा ॲन्युरिझम’ असं मराठी केलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं, की खोटाच आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. हा अर्थ बरोबर आहे का? आणि याला नेमका मराठी शब्द कोणता?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते जास्त निकडीचं आहे. हा अर्थ बरोबर नाही. गाठ खरी आहे, तिच्यातलं रक्त खरं आहे, आणि ती फुटण्याचा धोकाही खरा आहे. ‘फॉल्स’ हे विशेषण गाठीच्या भिंतीबद्दल बोलतं, गाठीच्या गांभीर्याबद्दल नाही.

घरच्यांची समजूत कुठून आली असेल याचा अंदाज येतो. दुखण्याखुपण्याच्या बोलीत ‘खोटं’ म्हटलं की पटकन आठवतात त्या खोट्या कळा. कळा येतात, पण बाळंतपण काही त्यातून होत नाही. बाई घरी परत येते. तिथे ‘खोट्या’चा अर्थ ‘नुसतीच हूल’ असा होतो. खोट्या दातांमधला ‘खोटा’ निराळा: तिथे नकली वस्तू खऱ्याच्या जागी बसवलेली असते. ‘सूडो’ या ग्रीक उपपदाची शाळेत झालेली ओळख मात्र तिसऱ्याच अर्थाची आहे. अमिबाचे छद्मपाद आठवा. पायाची रचना तिथे नसते, पण अमिबा त्यांच्यावर सरकतो तो खराखुरा. फॉल्स ॲन्युरिझममधलं ‘फॉल्स’ या जातीचं आहे: दिसतो, वागतो ॲन्युरिझमसारखा, घडण मात्र ॲन्युरिझमची नाही.

मग ॲन्युरिझमची घडण कशी असते? हा शब्द ऐकून बऱ्याच जणांना मेंदूचा आजार वाटतो. मेंदूतल्या ॲन्युरिझमची बातमी अधूनमधून कानावर येते, आणि शब्दातही ‘न्यूरो’ असल्याचा भास होतो. पण मज्जातंतूंशी त्याचं काही नातं नाही. मूळ ग्रीक शब्दात ‘एउरुस’ म्हणजे रुंद आहे, आणि हा ‘एउरुस’ आपल्या संस्कृत ‘उरु’चा (विशाल, विस्तीर्ण) सख्खा नातलग मानला जातो. तेव्हा ॲन्युरिझम म्हणजे रुंदावणं. शरीरातली कुठलीही रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, रुंदावू शकते.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला गुळगुळीत, मधला स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा, बाहेरचा चिवट. भिंत एखाद्या जागी कमकुवत झाली की रक्ताच्या दाबाने तिन्ही थर मिळून बाहेर फुगतात. टायरला फुगा येतो तसं. मूळच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंदी झाली की त्याला ॲन्युरिझम म्हणायचा रिवाज आहे. हा खरा ॲन्युरिझम.

फॉल्समध्ये भिंत फुगत नाही, तिला भोक पडतं. रक्त बाहेर येतं, भोवतालच्या मांसात आणि पडद्यांत अडतं आणि तिथेच कोंडून राहतं. म्हणजे पिशवी तयार होते, पण तिच्या भिंतीत रोहिणीचे तीन थर नसतात. आजूबाजूचं मांस, गोठलेलं रक्त आणि पुढे धरलेला तंतुमय पापुद्रा एवढंच असतं. भोकाला आणि पिशवीला जोडणारी अरुंद वाट तशीच उघडी राहते. तिला डॉक्टर ‘नेक’ म्हणतात, मराठीत मान म्हणायला हरकत नाही. हृदयाचा ठोका पडला की रक्त मानेतून आत जातं, ठोका ओसरला की परत येतं.

आता दुसरा प्रश्न, शब्दाचा. पुस्तकी मराठीत ॲन्युरिझमला ‘रोहिणीविस्फार’ किंवा ‘धमनीविस्फार’ असे शब्द दिसतात. ‘विस्फार’ मला मनापासून आवडतो. डोळे विस्फारतात तेव्हा पापण्या जागच्या जागी ताणून उघडतात. रोहिणीची भिंतही तशीच जागच्या जागी ताणली जाते. पण याच कारणाने ‘छद्म रोहिणीविस्फार’ अडचणीचा होतो. विस्फारलेलं काहीच नसताना आधी विस्फार म्हणायचं आणि मग तो छद्म आहे असं सांगायचं. शिवाय हार्ट ॲटॅकनंतर कधीकधी हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत फाटते, आणि बाहेरचं आवरण तिथे चिकटलेलं असल्यामुळे रक्त तेवढ्यात अडतं. तोही सूडोॲन्युरिझमच. जवनिकेला रोहिणी कसं म्हणणार?

माझ्या मते या दुखण्याची किल्ली दुसऱ्याच एका शब्दात आहे, आणि तो रोजच्या बोलण्यातला आहे: साकळणं. मार लागला की आपण म्हणतो, रक्त साकळलंय. साकळलेलं रक्त एका जागी बसतं, काळंनिळं होतं, हळूहळू जिरतं. अँजिओग्राफीनंतर जांघेत असं रक्त साकळणं नेहमीचंच आहे. फॉल्स ॲन्युरिझममध्ये बाहेर आलेलं रक्त कडेने साकळतं, पण मधोमध साकळत नाही, कारण मानेतून दर ठोक्याला ताजं रक्त येत राहतं. साकळलेल्या रक्ताच्या मध्यभागी वाहतं रक्त, अशी ही गाठ. जुन्या वैद्यकीय लिखाणात तिला ‘धडधडणारा हिमॅटोमा’ (हिमॅटोमा म्हणजे साकळलेल्या रक्ताची गाठ) अशा अर्थाचं नाव होतं, ते आजच्या नावापेक्षा अधिक नेमकं होतं असं मला वाटतं.

ओळखण्यासाठीही मराठीत दोन चांगली क्रियापदं आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. गळू ठुसठुसतं, ती वेदना आहे आणि ती फक्त ज्याची त्याला कळते. शीर उडते, ती हालचाल आहे आणि गाठीवर बोट ठेवणाऱ्यालाही कळते. फॉल्स ॲन्युरिझम दुखत असेल, ठुसठुसतही असेल, पण त्याची खूण म्हणजे तो बोटाखाली उडतो. (खोल असला किंवा बराचसा साकळला असला तर उडणं जाणवेलच असं नाही.) हा भेद इतका महत्त्वाचा का? उडणारी गाठ गळू समजून कुणी चिरली तर थेट रोहिणीतलं रक्त बाहेर येतं. म्हणून रोहिणीच्या वाटेवरच्या कोणत्याही गाठीला सुई किंवा पातं लावण्याआधी सोनोग्राफी करायची असते.

त्या सोनोग्राफीत, म्हणजे डॉप्लरमध्ये, पिशवीचा अर्धा भाग लाल आणि अर्धा निळा दिसतो, दोन्ही रंग एकमेकांभोवती फिरतात. इथे शब्दांचा एक सापळा आहे. आपल्याकडे रोहिणी म्हणजे लाल आणि नीला म्हणजे निळी, त्यामुळे पडद्यावरचं निळं रक्त नीलेतलं वाटतं. पण डॉप्लरचे रंग दिशेचे असतात: नेहमीच्या मांडणीत यंत्राकडे येणारं लाल, लांब जाणारं निळं. दोन्ही रक्त एकाच रोहिणीतलं, पिशवीत गरगरणारं.

अँजिओग्राफीची सुई हे जांघेतल्या गाठीचं सर्वांत परिचित कारण. त्याखेरीज भोसकल्याची जखम, डायलिसिससाठी पुन्हापुन्हा टोचलेली जागा, रक्तवाहिनी जोडलेल्या शस्त्रक्रियेचा सांधा, भिंत कुरतडणारा जंतुसंसर्ग. स्वादुपिंडाला सूज आली की त्यातले पाचक रस शेजारच्या रोहिणीला भोक पाडू शकतात. क्षयात फुफ्फुसाच्या पोकळीलगत होणाऱ्या अशाच गाठीला डेन्मार्कचे डॉक्टर रासमुसेन यांचं नाव आहे. ती फुटली की खोकल्यातून रक्त पडतं.

उपचारांचं वर्णन वेगळ्या पारिभाषिक शब्दांशिवाय करता येतं, कारण बहुतेक उपचार एकच गोष्ट साधतात: जे रक्त साकळायचं राहिलंय ते साकळवणं. गाठ लहान असेल, साधारण २ सेंटिमीटरच्या आत, वाढत नसेल, दुखत नसेल, तर पुष्कळदा नुसती वाट पाहतात आणि डॉप्लर पुन्हा करतात. अशा बऱ्याच गाठी काही आठवड्यांत आपोआप साकळतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असली तर ही शक्यता घटते. मात्र ती औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. नुकता स्टेंट बसवलेल्या माणसाला ते फार महागात पडू शकतं.

दुसरा उपाय दाबण्याचा. सोनोग्राफीत बघत बघत मानेवर नेमका दाब द्यायचा, पिशवीत जाणारं रक्त थांबवायचं, रोहिणीतलं चालू ठेवायचं. १९९१ मध्ये ही पद्धत पुढे आली. एका वेळी दहा ते वीस मिनिटं दाबावं लागतं, तेही पुन्हापुन्हा, आणि रुग्णाला ते बरंच दुखतं. घरी आपल्या हाताने करायचा हा प्रकार नाही.

आता जांघेतल्या गाठीसाठी जास्त वापरतात तो थ्रॉम्बिनचा उपाय. रक्तातल्या विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करणारं हे प्रथिन. त्याचं इंजेक्शन १९८६ पासून माहीत आहे. बारीक सुई पिशवीत घालतात, मानेपासून दूर, आणि थोडं थोडं थ्रॉम्बिन सोडतात. पडद्यावरचे लाल-निळे रंग काही सेकंदांत विझतात. धोका एवढाच की थ्रॉम्बिन मानेतून रोहिणीत उतरलं तर पायाकडचं रक्तही गोठेल. म्हणून मान रुंद आणि आखूड असेल तर डॉक्टर हा मार्ग टाळतात. खोलवरच्या रोहिण्यांमध्ये आतून तारेची वेटोळी सोडून वाट बुजवतात किंवा आवरण असलेला स्टेंट भोकावरून बसवतात.

शस्त्रक्रियेत मात्र मूळ भोकच शिवलं जातं. गाठ झपाट्याने वाढत असेल, वरची कातडी ताणून काळवंडत असेल, पाय गार किंवा बधिर पडत असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा गाठ फुटली असेल तर तिथे वाट पाहण्यात अर्थ नसतो. जवनिकेच्या सूडोॲन्युरिझमलाही सहसा शस्त्रक्रियाच लागते.

तर शब्द कोणता? लेखी मराठीत मी ‘छद्म ॲन्युरिझम’ लिहीन. ‘खोटा’मधली हूल त्यात नाही, ‘मिथ्या’मध्ये जे ‘मुळात नाहीच’ असं ध्वनित होतं तेही नाही, आणि हृदयालाही तो चालतो. घरात समजावताना मात्र एका शब्दाचा हट्ट सोडावा आणि सरळ सांगावं: ‘सुई टोचलेल्या जागी रोहिणीचं भोक पूर्ण बुजलं नाही, त्यातून बाहेर आलेलं रक्त पिशवीसारखं साठलंय आणि अजून वाहतंय.’ इतकं कळलं की पुढे डॉक्टर दाबायचं म्हणाले काय किंवा गोठवायचं म्हणाले काय, ते कशासाठी हे घरच्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

रिपोर्टमध्ये ‘स्यूडो’, ‘सूडो’, ‘प्सूडो’ असं काहीही लिहिलेलं दिसेल, तिन्ही एकच. उच्चार ‘सूडो’ करावा, आणि ॲन्युरिझम मराठीत पुल्लिंगी चालवावा.